हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी : एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतर

दीड टनाचा, आर-३२ गॅसचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी (इन्व्हर्टर म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) आमच्या घरी बसून एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा हिवाळा झाला. आधी उन्हाळ्याला जुना, एकाच वेगाने चालणारा (फिक्स्ड स्पीड) एसी आणि थंडीला २ किलोवॉटचा कॉइलचा हीटर अशी सोय होती. दोन्हींचं काम आता हे एकच यंत्र करतं. मत आधीच सांगते: यंत्र चांगलं आहे आणि वीज खरोखर कमी लागते. पण घर गार-गरम ठेवायचा एकूण खर्च तेवढा उतरलेला नाही. तो वीजबिलातून निघाला आणि खरेदी, फिटिंग, दुरुस्ती यांत जाऊन बसला. घेताना ही बाजू कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लांबण.

सगळ्यात मोठा फरक हिवाळ्यात पडला. कॉइलचा हीटर १ युनिट वीज घेऊन १ युनिटच उष्णता देतो; हीटर कितीही महागाचा असला तरी हे गणित बदलत नाही. हॉट अँड कोल्ड एसी उष्णता तयार करत नाही. पंप जसा खालचं पाणी वर चढवतो, तसा तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. त्यामुळे बेताची थंडी असेल तर १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. हीटर चार तास चालला की ८ युनिट जायची. तेवढीच ऊब आता अडीच-तीन युनिटांत मिळते. मात्र थंडी वाढेल तशी त्याची ताकद कमी होते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. पारा शून्याच्या आसपास आणि हवा दमट असली, की बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर, म्हणजे नळीच्या वेटोळ्यांवर, बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, आतली गरम हवा थांबते आणि बाहेर वाफ दिसते. हा बिघाड नाही. सासूबाई त्या वेळी यंत्र बंद करायला निघाल्या होत्या. त्यांना हे आधी सांगून ठेवायला हवं होतं. फार कडक थंडीच्या जागी जोडीला दुसरी सोय लागेलच.

उन्हाळ्यातला अनुभव साधा आहे. एसीची वीज वेगळी मोजायला आम्ही सबमीटर लावलाय. सुरुवातीला यंत्र दीड किलोवॉटच्या आसपास खेचतं, खोली गार झाली की ४००-५०० वॉटवर येतं आणि रात्रभर तिथेच राहतं. दुकानदार २ टनाचाच घ्या म्हणत होता. १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. खोलीला लागते त्याहून बरीच मोठी मशीन घेतली, तर ती झटकन गार करून थांबते, हवेतला दमटपणा काढायला तिला वेळच मिळत नाही आणि अंग चिकटच राहतं. पैसे जास्त जातात ते वेगळेच. खिडकीला बाहेरून सावली केली आणि दाराच्या फटी बुजवल्या. ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडलं, म्हणून दीड टन पुरतो. पंखा लावून २६ वर ठेवला तरी छान झोप लागते.

आता किमतीकडे. कॉइल आणि पाइप तांब्याचे, आणि मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला ११,००० डॉलरच्या वर गेलं होतं. इन्व्हर्टर म्हटला की चिप आणि बोर्ड आलेच. त्यात गॅस बदलत गेले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन खाणारा आर-२२ मागे पडत गेला, त्याच्या जागी आर-४१०ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट आहे. याच करारात २०१६ मध्ये किगालीला झालेल्या बदलाने अशा गॅसनाही लगाम घातला. आर-३२ चा आकडा ६७५ आहे. प्रत्येक बदलाबरोबर कॉम्प्रेसर, तेल, हत्यारं, कारागिरांचं शिक्षण, सगळं नव्याने करावं लागतं. हा खर्च मला मान्य आहे; तो व्हायलाच हवा होता.

मान्य नाही ती दुरुस्तीची तऱ्हा. हिवाळ्यात आमच्या बाहेरच्या युनिटचा पीसीबी, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला. वॉरंटीत होता म्हणून फुकट बदलून मिळाला, पण सुटा भाग येईपर्यंत ऐन थंडीत आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं, आणि जुना हीटर माळ्यावरून खाली आला. वॉरंटी नसती तर किती, असं विचारलं. बोर्डाची किंमत नव्या एसीच्या जवळजवळ पाव भाग निघाली. कार्डावर कॉम्प्रेसरला १० वर्षं आणि बोर्डाला १ वर्ष. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात ती पहिलीच. बोर्डावरचा रिले किंवा कपॅसिटरसारखा एखादा छोटा भाग गेला तरी कंपनी सुटा भाग देत नाही, अख्खा बोर्डच घ्यावा लागतो. ही सरळसरळ ग्राहकाची पिळवणूक आहे.

फिटिंगवर मात्र कंजुषी करू नका. आमच्याकडे आलेला मेकॅनिक लाइनमधली हवा गॅसच्याच जोराने उडवून देणार होता. मी हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणायला लावला आणि तो येईपर्यंत काम थांबवलं. पाइपात ओल राहिली की ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल होतं, आणि ते हळूहळू यंत्र खातं. शिवाय आर-३२ थोडा का होईना, ज्वालाग्राही आहे. तो असा घरात-गॅलरीत सोडायची वस्तूच नाही. फ्लेअरचे जोड (पाइपाचं तोंड पसरवून नटाने आवळलेले) टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, लावून आवळून घेतले, साबणाच्या पाण्याने तपासले.

सर्व्हिसिंगला येणारा दर वेळी "गॅस थोडा कमी वाटतोय, टॉप-अप करू?" असं विचारतो. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला सांगा, मग नावपट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरून घ्या. इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसता दाब मोजणाऱ्या गेजचा काटा दाखवून "कमी आहे" म्हणणं ग्राह्य धरू नका. फिल्टर घरीच धुता येतो, त्यासाठी कुणाला बोलवायला नको.

घ्यावा का? थंडीत हीटर आणि उन्हाळ्यात जुना एसी असं दोन्ही चालत असेल, तर जरूर घ्या. वर्षाकाठी मोजकेच दिवस लागत असेल, तर विजेच्या बचतीतून एवढी किंमत वसूल व्हायला फार वर्षं जातील. त्याआधी सावली आणि फटींचं काम करून बघा. दुसऱ्या खोलीसाठी आम्ही याच जातीचा घेणार आहोत, पण बोर्डाला निदान ५ वर्षांची लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच.