जादा ट्यूब की पंक्चर किट?

सायकलवर लांब निघताना वेळ वाचवते ती जादा ट्यूब. जुनी काढा, नवी घाला, हवा भरा, निघा. पावसात तर तीच. ओल्या रबरावर पॅच धरत नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली तरी किट हात टेकते. पण ट्यूब चाकाच्या मापाचीच हवी आणि दुसऱ्या पंक्चरला ती संपलेली असते.

किट मुठीत मावते, अनेक पंक्चर निभावते. घासा, सोल्यूशन लावा, सुकू द्या, मग पॅच दाबा. या ‘सुकू द्या’मध्येच घाई होते (माझीही). शिवाय एकदा उघडलेलं सोल्यूशन पिशवीत गुपचूप वाळून जातं.

मी आधी ट्यूब घेतो, किट तिच्या पाठीशी. काहीही वापरा, टायरच्या आत रुतलेला काटा आधी शोधा.