मोठ्याने वाचून दाखवायला कोणती पुस्तकं चांगली? काही महिन्यांचा अनुभव

आईची नजर अधू झाल्यापासून आमच्या फोंड्याच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की मी तिला वाचून दाखवते. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली, आता दिवाळी जवळ आली. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी असं वाचन करायचं कुणाच्या मनात असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल. डोळ्यांना आवडलेलं प्रत्येक पुस्तक कानांना आवडतंच असं नाही.

सगळ्यात रंगलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. बाई समोर बसून सांगतायत असंच वाटतं. श्वास कुठे घ्यायचा याचा विचारच करावा लागत नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग ऐकताना आई इतकी हसली की मला थांबावं लागलं. पुढे १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तिथे मात्र ती गप्प झाली. मग हळूच कोंकणीत म्हणाली, ‘मागीर?’ म्हणजे ‘मग पुढे?’ त्या रात्री पुस्तक मिटायला बराच उशीर झाला. धर्म बदलल्यामुळे दुरावलेल्या घरांच्या गोष्टी गोव्यात आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या, त्यामुळे ते दुःख तिला परकं वाटलं नाही.

त्यानंतर तिनेच ‘क्रिस्तपुराण’ मागितलं, ख्रिस्ताची कथा ओव्यांत सांगणारं. बोरीचा पूल ओलांडला की पलीकडे राशोल. तिथे १६१६ मध्ये हे छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून आलेले, आणि ओव्या जवळजवळ अकरा हजार! मनात वाचताना जुने शब्द मला पावलोपावली अडवायचे. चालीवर म्हणायला लागल्यावर निम्मा अर्थ आपसूक लागत गेला. आई पोथ्या ऐकत वाढलेली. ओवीचा चौथा आखूड चरण आला की तिची मान डोलते. एका बैठकीला पंचवीस-तीस ओव्या पुरेत, जास्त झाल्या की चाल यांत्रिक होते.

विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ माझं फार लाडकं, पण मोठ्याने वाचताना नाही जमलं. १९३९ची ती छोटी कादंबरी, युद्धाच्या सावटाखाली युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि हॅर्टा. त्यातलं इतकं काही मनातल्या मनात घडतं की मधे माझाच आवाज मला खुपायला लागला. ते एकट्याने वाचावं. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीबद्दल मला धास्ती होती, पण पांडुरंगची बडबड ऐकायला झकास लागते. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मात्र मला सलग वाचता आली नाहीत. आईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, ‘राहू दे, उद्या वाच.’

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आम्ही त्या त्या महिन्यात वाचतो. आषाढाचा लेख आषाढातच, कौलांवरच्या पावसापेक्षा आवाज चढवून. वाक्यं लांब, रंगांनी गच्च भरलेली. आधी एकदा मनात वाचून घेतल्याशिवाय बसू नये. मधूनमधून ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तकही काढतो. तिथे वाचन कमी आणि नारळाच्या प्रमाणावरून वाद जास्त, पण त्या रात्री आई सर्वांत जास्त बोलते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी घ्यावी. आकार आटोपशीर, माणसं लगेच ओळखीची होतात, आणि दहा-बारा पानांनंतर थांबलं तरी धागा सुटत नाही. आमच्याकडे सध्या धर्मानंद कोसंबींचं आत्मचरित्र ‘निवेदन’ चालू आहे. साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघालाय आणि आईला त्याच्या बायकोची काळजी लागून राहिली आहे.