हार्वी चक्रीवादळानंतर घेतलेला १८ इंची बुलेट स्मोकर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

रिव्ह्यू लांबणार आहे म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. १८ इंची बुलेट स्मोकर (धुरावर मांस शिजवायची उभी भट्टी), कोळशावरचा, मधे पाण्याचं पातेलं असलेला, यंदा मार्चमध्ये घेतला. आता नोव्हेंबरमधलं थँक्सगिव्हिंग तोंडावर आलंय आणि बहुतेक वीकेंडला तो पेटलेला असतो. घ्यावा का? घ्यावा. पण मी ज्या कारणासाठी घेतला ते मला एकाही रिव्ह्यूत सापडलं नाही. सगळे लोक किती रॅक रिब्ज (बरगड्या) मावतात आणि किती तास तापमान टिकतं तेवढंच लिहितात, आणि मला पाहिजे होता असा स्मोकर जो पुराचं पाणी यायच्या आधी एका माणसाला उचलून ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, टाकता येईल.

आम्ही ह्यूस्टनला मायरलँडमध्ये राहतो, ब्रेज बायूच्या जवळ. बायू म्हणजे आपल्याकडचा संथ ओढा समजा, एरवी बगळे उभे असतात त्यात, बघून कुणी म्हणणार नाही की हा घरात शिरेल. २०१५ ला मेमोरियल डेचा (मेमधली सुट्टी) पूर, २०१६ ला टॅक्स डेचा (एप्रिलमधली कर भरायची मुदत), २०१७ ला हार्वी, तीन वर्षांत तीन. पहिल्या दोन वेळी पाणी आमच्या अंगणातून माघारी गेलं, तिसऱ्या वेळी नाही गेलं. हार्वी २५ ऑगस्टला शुक्रवारी रात्री रॉकपोर्टकडे किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी ४ होतं, आमच्याकडे वारा तसा काही विशेष नव्हता, पण ते वादळ नंतर टेक्सासवर येऊन ठिय्या मारून बसलं आणि चार दिवस नुसता ओतत राहिला, पूर्वेला नेडरलंडला तर ६० इंचांच्या वर पाऊस मोजला गेला. आमच्या घरात पाणी रविवारी पहाटे आलं. आमचं घर जुनं, एकमजली, त्यामुळे वर जायचं म्हणजे ॲटिकच. कागदपत्रं, लॅपटॉप, आईचं औषध आणि देव्हारा वर गेला. पॅटिओवरचे (घराबाहेरच्या फरशीवरचे) तीन स्मोकर जिथल्या तिथे राहिले, त्यांना उचलायला चार माणसं लागली असती.

ते तिघं कसे गेले ते जरा सविस्तर सांगतो कारण नवीन घेताना त्याचाच विचार केला. पहिला पेलेटवाला, सगळ्यात महाग, आणि सगळ्यात वाईट अवस्था त्याचीच. पेलेट म्हणजे दाबलेला भुसाच शेवटी. पाण्यात फुगला, हॉपर, म्हणजे पेलेटचा डबा, भरून वर आला, आणि खालच्या नळीतला स्क्रू, जो पेलेट पुढे ढकलतो, त्याच्याभोवती वाळून इतका घट्ट बसला की छिन्नी मारली तरी निघेना. वरून पांढरी बुरशी. कंट्रोलर तर गेलाच होता. दुसरा इलेक्ट्रिक कपाटासारखा, त्याच्या दोन पत्र्यांच्या मधे इन्सुलेशन असतं ते पाणी पिऊन बसलं, बाहेरून पुसून चकचकीत केला तरी दार उघडलं की गटाराचा वास, आणि पुराचं पाणी म्हणजे त्यात सांडपाणी, डिझेल, काय काय असतं, त्यात परत अन्न शिजवायची कुणाचीच हिंमत नव्हती. तिसरा ऑफसेट, म्हणजे आडवं पिंप आणि बाजूला आगीची पेटी. हा खरं तर वाचला असता. नुसतं लोखंड ते. प्रेशर वॉशरने धुवायचा, आत लाकडं टाकून तासभर लालभडक आग करायची, गंज घासून तेलाचा हात द्यायचा, झालं. पण त्या आठवड्यात आम्ही भिंतींचा ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) चार फुटांपर्यंत कापून काढत होतो, रस्त्याच्या कडेला गाद्या-कपाटांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा झालेला, आणि भंगारवाले पिकअप घेऊन गल्लीत फिरतच होते. मी आत कार्पेटची गुंडाळी आणायला गेलो आणि बाहेर येईस्तोवर ऑफसेट पिकअपमध्ये चढलेला होता. दोघं होते, त्यातल्या एकाने मला हात पण केला. मीही केला. म्हटलं जाऊदे.

इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांनी वाचाच. सरकारी फ्लड पॉलिसीत घराला अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानाला एक लाख अशी कमाल मर्यादा, पण पॅटिओवर उघड्यावर ठेवलेल्या वस्तू त्यात येत नाहीत. सामानाचे पैसे पण वापराची घट काढून मिळतात, नव्याची किंमत नाही. म्हणजे तिन्ही स्मोकरचे मिळून शून्य.

पुढचे सहा-सात महिने भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, बाल्कनीत कोळसा पेटवायला बंदी. तेव्हा बार्बेक्यूची भूक बाहेरच भागवली आणि ह्यूस्टनची ती दुकानं माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच, आता घरी काहीही केलं तरी तुलना त्यांच्याशीच होते. गॅटलिन्सचे रिब्ज. एला बुलेवार्डला आहे, सोबत डर्टी राइस घ्यायचा, आपल्या मसालेभाताचा चुलतभाऊच तो. एकर्स होम्समधलं बर्न्स, तिथलं मटण असं बोटाने सुटून येतं, ईस्ट टेक्सास पद्धत, सॉस सढळ. (इथे मटण म्हणजे बोकडाचं नाही बरं का, मी आपला सगळ्याच मांसाला मटण म्हणतो, घरातले ओरडतात.) कर्बी रस्त्यावरचं गुड कंपनी १९७७ पासूनचं, तिथे मी आजही हालापेन्यो चीज ब्रेड आणि पेकान पायसाठीच जातो, मांस निमित्तमात्र. रिचमंड ॲव्हेन्यूच्या लुलिंग सिटी मार्केटचा मोहरीवाला पिवळा सॉस बायकोने चाखला आणि म्हणाली हे आपल्या कैरीच्या लोणच्याच्या खारासारखं लागतंय, त्यावर तिने तिथे टर्की संपवली. पेअरलंडचं किलेन्स शाळेच्या जुन्या कॅफेटेरियाच्या इमारतीत आहे, रांग इतकी की खायच्या आधीच दमायला होतं, पण बीफ रिब एकदा तरी खाऊन बघावी, हाडाला धरून आख्खी गदा हातात आल्यासारखं. माँट्रोजचं पिट रूम टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) चरबीत करतं. हिलक्रॉफ्टला गेलो की शाकाहारी मंडळी श्री बालाजी भवनला आणि मी पलीकडे हिमालयाला, तिथे स्मोक्ड ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) मसाला मिळतो, टेक्सासचा धूर आणि आपल्याकडची ग्रेव्ही एका ताटात, हे फक्त या गावातच होऊ शकतं.

आणि आमच्या भागातली थ्री ब्रदर्स बेकरी. बार्बेक्यूचं दुकान नाही तरी सांगतो. १९४९ पासूनची, युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेल्या तीन भावांनी काढलेली. साउथ ब्रेजवुडला, म्हणजे बायूला खेटूनच, आणि हार्वीत तिच्यात आमच्यापेक्षा जास्त पाणी होतं. परत उघडली तेव्हा शेजारचे आजोबा आमच्यासाठी राय ब्रेड घेऊन आले, आमच्याकडे तेव्हा तो ठेवायला टेबल पण नव्हतं. पुराच्या त्या दिवसांत एल बोलिओ बेकरीचे बेकर दोन दिवस दुकानातच अडकले होते, तर त्यांनी रिकामं न बसता ब्रेड भाजत राहायचं ठरवलं आणि तो पुरग्रस्तांना वाटला. ऑपरेशन बीबीक्यू रिलीफवाले पण मोठेमोठे स्मोकर ट्रेलरवर लादून आले होते आणि लाखो जेवणं वाटली. ही संस्था २०११ च्या मिसुरीतल्या जॉप्लिनच्या टॉर्नेडोनंतर सुरू झालेली. पुरात स्मोकर वाहून गेलेल्या माणसाला स्मोकरमधलंच गरम जेवण मिळावं, म्हणजे बघा.

असो. स्मोकरकडे येतो.

घेतला तेव्हा किंमत तीनशे डॉलरच्या आसपास होती. वजन चाळीस पाउंडाच्या आत-बाहेर, आणि तीन तुकड्यांत सुटतो: खाली कोळशाचं भांडं, मधे पिंप, वर झाकण. तिन्ही तुकडे शिडीवरून ॲटिकच्या दारातून आरामात जातात, मी सप्टेंबरमध्ये एका जोरदार पावसाच्या इशाऱ्याला करून बघितलं, एकट्याने, वीस मिनिटं पण नाही लागली. वीज नाही, मोटर नाही, इन्सुलेशन नाही, भिजून सडेल असं काही नाहीच त्यात. एनॅमलचा पत्रा आहे, भिजला तरी धुवून वापरता येईल. यासाठी मी पाचपैकी पाच देतो आणि बाकीच्या गोष्टींना कमी दिले तरी चालतील.

तापमान छान टिकतं. कोळशाची रिंग न पेटवलेल्या कोळशाने भरायची आणि वर चिमणीत (कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं) पेटवलेले थोडे निखारे टाकायचे, म्हणजे वरून खाली हळूहळू पेटत जातं. याला मिनियन मेथड म्हणतात. खालचे तीन व्हेंट (हवेची भोकं) बोटभर उघडे ठेवले की २५० फॅरनहाइटला (आपले साधारण १२० सेल्सिअस) सहा-आठ तास हलत नाही, मी मधे जाऊन झोपून आलोय. वारा सुटला तर मात्र भडकतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूचा व्हेंट बंद. झाकणावरचं थर्मामीटर फक्त शोभेला धरा, जाळीपाशी दुसरंच तापमान असतं, वेगळं प्रोबवालं घ्याच. दार सुरुवातीला धूर सोडत होतं, पाच-सहा वेळा चिकन केलं आणि काजळी-चरबी बसून ते आपोआप सील झालं.

धुराचं एक सांगतो. पेटवल्यावर पहिला अर्धा तास पांढरा दाट धूर येतो, त्यात काही ठेवू नका, कडू होतं. तो विरळ निळसर झाला, म्हणजे समोरचं कुंपण त्यातून स्वच्छ दिसायला लागलं, की मग ठेवायचं. लाकूड मी पेकानचं वापरतो, मुठीएवढे दोन-तीन तुकडे बास. मेस्कीट चिकनला उग्र होतं, मला नाही आवडलं.

आमच्या टेबलावरचं गणित अवघड आहे. बायको बीफ खात नाही, शेजारचे आजोबा पोर्क खात नाहीत, आई यातलं काहीच खात नाही. त्यामुळे चिकन सगळ्यात जास्त. पाण्याचं पातेलं रिकामं ठेवून ३०० च्या वर न्यायचं, नाहीतर कातडी रबरासारखी होते. बाजारच्या रबमध्ये (मांसाला चोळायच्या मसाल्यात) ब्राऊन शुगर असते ती या तापमानाला करपते, म्हणून मी तेल, मीठ आणि सांगलीहून आलेला कांदा-लसूण मसाला चोळतो. आजोबांना घाम फुटतो आणि ते परत मागतात. हिलक्रॉफ्टच्या हलाल दुकानातून बोकडाचा खांदा आणला तर तीन तास उघडा धूर द्यायचा, मग फॉइलमध्ये दही आणि कांदा घालून गुंडाळायचा, हाड हाताने निघेपर्यंत. सोबत भाकरी. टर्की ब्रेस्ट थँक्सगिव्हिंगला याच्यावरच होणार आहे.

आईसाठी वांगी. आधी पेटत्या चिमणीवर कातडी काळी करून घ्यायची, कारण स्मोकरच्या आचेवर ती करपत नाही आणि करपल्याशिवाय भरताला मजा नाही, मग वरच्या जाळीवर तासभर धुरात. आई पहिल्यांदा म्हणाली, एका वांग्यासाठी एवढा कोळसा? दुसऱ्या वेळी स्वतः चार वांगी घेऊन आली.

ब्रिस्केट एकदाच केली. १८ इंची जाळीवर आख्खी मावत नाही, मधे लाकूड ठेवून कमान करावी लागते. १६० फॅरनहाइटला तापमान अडकलं ते तासन्तास अडकलं (मांसातून पाणी उडतं त्याने ते गार राहतं, घाम आल्यासारखं), मग कागदात गुंडाळून २०३ पर्यंत नेली. वाईट नव्हती. पण वॉस रस्त्यावरच्या रोगेल्सला जाऊन दोन स्लाइस घेऊन आलं की लक्षात येतं आपण कशाला रात्र जागवली. माझ्यासाठी ब्रिस्केट दुकानातली, बाकी घरचं.

त्रास कुठे, तर पाण्याचं पातेलं. त्यात चरबी गळून जो चिखल होतो तो दुसऱ्या दिवशी काढणं म्हणजे शिक्षा, फॉइल लावा आणि सिंकमध्ये तर अजिबात ओतू नका. मधल्या पिंपाला धरायला कडी नाही, गरम असताना कोळसा घालायला पिंप उचलायचं तर जाड हातमोजे पाहिजेत. खालची जाळी काढायला आधी वरची काढावी लागते. आणि कोळसा महाग पडतो, पेलेटपेक्षा थोडा जास्तच.

लोक विचारतात २२ इंची का नाही घेतला, ब्रिस्केट सरळ मावली असती. मावली असती. पण तो जवळपास दुपटीने जड आहे आणि दुकानात मी टेप लावून बघितलं, आमच्या ॲटिकच्या दारातून तो जात नाही.