सेकंडहँड फिन्स घेताय? आधी हे वाचा

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला की स्वतःचं सामान घ्यायचं खूळ डोक्यात शिरतं. रेग्युलेटर (पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र) आणि बीसीडीच्या (हवा भरायच्या जॅकेटच्या) किमती बघून माणूस गप्प बसतो आणि गाडी मास्क आणि फिन्सवर, म्हणजे पोहताना पायात घालायच्या पात्यांवर, येते. अशा नवशिक्यांवर टपलेले विक्रेते इन्स्टाग्रामवर भरपूर आहेत. मला भेटलेला मुंबईचा होता. प्रोफाइलवर ‘इन्स्ट्रक्टर’ लिहिलेलं आणि जिभेवर साखर.

त्याच्याकडे ‘वापरलेले पण ओरिजिनल’ जेट फिन होते. १९६०च्या दशकापासून चालत आलेलं हे मॉडेल: काळं भरीव रबर, आखूड रुंद पातं, त्यात पाणी जायला झरोके. टेक्निकल डायव्हिंग, म्हणजे खूप खोल किंवा गुहांमध्ये डायव्हिंग, करणाऱ्यांचं लाडकं. “मॅडम, एकदाच घ्या, जन्मभर बघायला नको,” म्हणाला. किंमत सात हजार आठशे. व्हिडिओ कॉल करू या म्हटलं तर स्वारी कायम बोटीवर, रेंज नाही. संध्याकाळी मेसेज: “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तुमच्यासाठी थांबवलंय.” यूपीआयने पूर्ण रक्कम गेली.

पार्सल हातात घेतलं तेव्हाच ते हलकं वाटलं. खऱ्या जेट फिनची जोडी दोन किलोच्या वर सहज जाते. विचारलं तर उत्तर तयार: “नवीन बॅच आहे, लाइटवेट.” अहो, जुने म्हणून विकलेत ना?

पुण्यातल्या पोहण्याच्या तलावात सराव करताना एक फिन काढून बाजूला सोडला, तर तो सरळ वर येऊन तरंगायला लागला. आमचे सर बघतच राहिले. जेट फिनचं भरीव रबर पाण्यात बुडतं. हे काळ्या रंगाचं प्लास्टिक होतं, पात्यावर नाव तेवढं उमटवलेलं. तरंगणारे फिन्स वाईट असतात असं मुळीच नाही, पॉलिमरचे कितीतरी चांगले फिन्स तरंगतात. पण जेट फिन म्हणून विकलेला माल तरंगला तर तो जेट फिन नाही. पातं फळीसारखं ताठ, जरा पोहलं की पोटऱ्यांत गोळे. टाचेच्या पट्ट्याचं बक्कल तर तलावातच तुटलं. समुद्रात प्रवाह असताना हे झालं असतं तर एका पायावर बोट गाठावी लागली असती.

मला जास्त राग आला तो त्याच्या सल्ल्याचा. मी कुठे डाइव्ह करणार ते त्याला सांगितलं होतं: अंदमान, नेत्राणी, जमलं तर तारकर्ली. कोमट पाणी, अंगात पातळ सूट, बोटीवरून उडी. अशा ठिकाणी अनवाणी घालायचे फुल-फूट फिन्स बहुतेकांना पुरतात. जड रबरी फिन्सचा खरा उपयोग थंड पाण्यात ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) घालणाऱ्यांना होतो, कारण सूटमधल्या हवेने त्यांचे पाय वर उचलले जातात. म्हणजे माल अस्सल असता तरी माझ्या कामाचा नव्हता. टाचेला पट्टा असलेले असे फिन्स डायव्हिंगच्या बुटांवर चढवतात, म्हणून वर साइझ ‘एल’ पाठवला, “बुटासकट बसेल” म्हणून. माझा पाय आत बुटासकटही गरागरा फिरत होता. मापाच्या आकड्यावर विसंबू नका. ज्या बुटांनी डाइव्ह करणार तेच घालून बघा.

परत घ्या म्हटल्यावर साहेब म्हणतात, “मॅडम, पाण्यात घातलेत, आता वापरलेला माल कसा घेऊ?” फिन्सची परीक्षा पाण्याशिवाय होत नाही आणि पाणी लागलं की परतीचा रस्ता बंद. डाव एवढाच. नंतर त्याने मला ब्लॉक केलं. मी चॅट आणि यूपीआयचा पुरावा जोडून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत. दुकानातून बिलावर घेतलं असेल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

कोणी असे जड रबरी फिन्स विकत असेल तर पैसे देण्याआधी दोन व्हिडिओ मागा: एक वजनकाट्यावरचा आणि एक बादलीतला. नळाचं पाणी चालतं. जे गोड्या पाण्यात तरंगतं ते खाऱ्या पाण्यात तरंगणारच. व्हिडिओत त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद बाजूला ठेवायला सांगा. त्या माणसाच्या पेजचं नाव आता बदललंय, फोटो मात्र तेच आहेत. आणि फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले, तर ते एका परदेशी विक्रेत्याच्या जुन्या जाहिरातीतले निघाले.