'कार्यक्रमाचा उपयोग झाला का' हे मोजायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: अर्धा भारी, अर्धा वैताग

मी एका छोट्या संस्थेत मुलांच्या वाचनाच्या कार्यक्रमाचे रिपोर्ट लिहिते. म्हणजे काय तर वर्षाच्या सुरुवातीला एक टेस्ट, शेवटी एक टेस्ट, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बार चार्ट काढायचा, खाली 'लक्षणीय सुधारणा' असं लिहायचं, झालं. मागच्या वर्षी एका मीटिंगमध्ये निधी देणाऱ्यांकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं की कार्यक्रम नसता तरी पोरं वर्षभरात थोडंफार शिकलीच असती ना, मग यातलं तुमचं किती? मी ततपप. त्याच रात्री हा बारा आठवड्यांचा कोर्स शोधला. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीपण आहेत.

पहिले चार आठवडे एकही फॉर्म्युला नाही. मला वाटलं आकडेमोड शिकवायची सोडून हे काय गप्पा मारतायत, पण खरी मजा तिथेच आहे. त्यांचं सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं, की हीच मुलं, हेच वर्ष, फक्त कार्यक्रम नाही, तर काय झालं असतं? ते तर कधीच दिसणार नाही, मग त्याच्या जवळपास जाणारा कंट्रोल ग्रुप, म्हणजे कार्यक्रम न मिळालेल्या तशाच मुलांचा गट, कुठून आणायचा? रिसर्च डिझाइन म्हणजे ही सगळी खटपट. हे एकदा डोक्यात बसलं की जुने रिपोर्ट वाचवत नाहीत.

दुसऱ्या आठवड्याच्या असाइनमेंटने तर माझी झोप उडवली. 400 मुलांचे मार्क दिलेले, त्यातली सगळ्यात कमी मार्कांची 60 मुलं निवडा, त्यांना 'जादा तासिका' मिळाल्या असं समजा आणि दुसऱ्या टेस्टचे मार्क बघा. मार्क मस्त वाढलेले. मी खूश होऊन परिच्छेदभर कौतुक लिहिलं. मग पुढची पायरी, सगळ्यात जास्त मार्कांची 60 मुलं घ्या. त्यांचे मार्क घसरलेले! शेवटी सर सांगतात की डेटा कॉम्प्युटरने बनवलाय, त्यात तासिकांचा परिणाम टाकलेलाच नाही, शून्य. नुसता योगायोगाने वाईट दिवस आलेला पोरगा पुढच्या वेळी आपोआप थोडा वर येतो, चांगला दिवस आलेला खाली येतो. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच 1886 मध्ये दाखवलं होतं म्हणे. आणि आम्ही दरवर्षी कार्यक्रमाला कोण निवडतो? टेस्टमध्ये सगळ्यात मागे असलेली मुलं. चांगलंच लागलं ते.

उदाहरणांची निवडपण छान आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली सुरू झालेला एक कार्यक्रम होता, बिघडण्याची शक्यता असलेल्या मुलांसाठी. सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, नाणं उडवून एकाला समुपदेशन, दुसऱ्याला काही नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी ती माणसं शोधली, तर बऱ्याच जणांनी सांगितलं की हो, आम्हाला खूप मदत झाली. पण जोडीतल्या दुसऱ्याशी तुलना केली तर मदत मिळालेलेच काही बाबतीत वाईट अवस्थेत निघाले, दारूचा त्रास जास्त, मरणही लवकर. 1978 मध्ये हे छापून आलं. आमच्याकडे 'तुम्हाला कार्यक्रम आवडला का' हा फॉर्म हाच मोठा पुरावा असतो, असो.

चिठ्ठ्या टाकून मुलं निवडणं जमत नसेल तर काय, यावरचे दोन आठवडेपण चांगलेत. न्यू जर्सीत 1992 मध्ये किमान वेतन ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही, म्हणून कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांतल्या नोकऱ्या आधी आणि नंतर मोजल्या आणि फरकातला फरक काढला, म्हणजे न्यू जर्सीतल्या बदलातून पेनसिल्व्हेनियातला बदल वजा केला. आणि मॅडम लगेच बजावतात की वेतनवाढ झाली नसती तर दोन्हीकडची गाडी सारख्याच वेगाने चालली असती हे गृहीत आहे, तेच डळमळीत असेल तर उत्तराला अर्थ नाही.

आता वैताग. सातव्या आठवड्यापासून शिकवणारे बदलतात आणि स्टॅटिस्टिक्समध्ये माती खातात. पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली गेली म्हणजे कार्यक्रम चालतो याची 95 टक्के खात्री, असं स्लाइडवर चक्क लिहिलंय. अहो नाही ना! कार्यक्रमाचा काहीच परिणाम नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये यावर जाहीर निवेदनच काढलंय. मी मेल केला, तीन आठवड्यांनी 'फीडबॅकबद्दल आभार' आलं.

सॅम्पल किती घ्यायचं हा विषय तर अकरा मिनिटांत गुंडाळलाय, आणि आमच्यासारख्यांचं घोडं तिथेच अडतं. 30 वर्ग, प्रत्येकी 20 मुलं, म्हणजे 600 मुलं, भरपूर झाली असं वाटतं ना? पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, शिक्षक एकच, वातावरण एकच. ते सारखेपण 0 ते 1 च्या मापात 0.1 धरलं तर 1 अधिक 19 (वर्गातली बाकीची मुलं) गुणिले 0.1, म्हणजे 2.9, आणि 600 ला 2.9 ने भागलं की उरतात जेमतेम 207 मुलांइतकी माहिती. त्याच वर्गात आणखी मुलं मोजून फार फरक पडत नाही, वर्ग वाढवावे लागतात. हे मी दोन संध्याकाळी घालवून स्वतः जुळवलं, व्हिडिओत फॉर्म्युला दाखवून पुढे पळालेत. आकडेमोडीसाठी वापरलेलं 'आर' सॉफ्टवेअर फुकट आहे हे चांगलं, पण त्यांचा कोड जुना, निम्म्या ओळी एरर देतात.

माझ्यासारखे रिपोर्ट लिहिणारे असाल तर पहिले सहा आठवडे नक्की करा. स्टॅटिस्टिक्ससाठी दुसरीकडे बघा, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) माहीत नसेल तर इथे शिकायला मिळेल या भरवशावर राहू नका.

यंदा आमच्याकडे जागांपेक्षा दुप्पट नावं आली, तर मी आमच्या संस्थेतल्या सरांना म्हटलं चिठ्ठ्या टाकू, अर्धी मुलं आत्ता, अर्धी सहा महिन्यांनी, तोवर तुलनापण होईल. आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले की एरवी तरी ओळखीवरच ठरतं, टाका चिठ्ठ्या. मधेच सोडून गेलेल्या मुलांची पण टेस्ट घ्यायची असं ठरवलंय, आत्तापर्यंत त्यांना गुपचूप वगळत होतो.

परवा लॉगिन करून पाहिलं, पी व्हॅल्यूची ती स्लाइड अजून तशीच आहे.