जर्नलचं नाव खरं होतं

स्तनातली गाठ दयाळू असते, असं माझ्या नावावरच्या रिसर्च पेपरात छापून आलं आहे. ‘बिनाइन ट्यूमर’च्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीच्या, जागी ‘काइंड-हार्टेड ट्यूमर’. खाली दोन ओळींवर ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ झालंय, म्हणजे उरावरचं संकट. बारा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई मी. आता कुणीही माझं नाव शोधलं की पहिलं हे दिसतं. यासाठी मी ४२,५०० रुपये मोजलेत.

बडोद्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी पॅथॉलॉजी शिकवते. असिस्टंट प्रोफेसरचं असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर दोन पेपर लागत होते, आणि ते कुठे छापलेले चालतील हेही २०२२ च्या नियमांत दिलेलं होतं: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे वगैरे याद्यांत असलेली जर्नलं. नाव पहिल्या तीन लेखकांत हवं, नाहीतर कॉरस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, म्हणून हवं. माझा एक पेपर झालेला होता. दुसऱ्याचा ऐवज हाताशी होता, आमच्या रेसिडेंटचा थीसिस. स्तनाच्या १८६ गाठींची एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी, आणि ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीच्या हिस्टोपॅथॉलॉजीशी तिचा ताळा. पोरीने एकेक स्लाइड दोनदा पाहिली होती. कामात खोट नव्हती.

पण थीसिसचा पेपर करणं म्हणजे आजीच्या नऊवारीतून नातीचं परकर-पोलकं शिवणं. ऐंशी पानांचे तीन हजार शब्द करा, अडीचशे शब्दांत ॲब्स्ट्रॅक्ट बसवा, संदर्भ व्हॅन्कूव्हर पद्धतीने लावा, लेखकांची नावं काढलेली फाइल वेगळी करा, एथिक्स कमिटीचं पत्र जोडा. एका चांगल्या जर्नलने सहाव्या दिवशी परत पाठवला, कारण निदानाच्या अभ्यासांसाठी असते ती ३० मुद्द्यांची स्टार्ड चेकलिस्ट मी जोडलीच नव्हती. चूक माझीच. एका रविवारचं काम होतं ते. तो रविवार मी काढला नाही.

त्याच सुमारास गणपती आले. दांडिया बाजारात सासरी आरतीला गेले होते, तिथे दिरांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. रिसर्च पेपर तयार करून देतात म्हणे, सबमिशनपर्यंत सगळं. “ताई, तुम्ही डॉक्टरांनी पेशंट बघायचे की कॉमा मोजत बसायचं?” हे वाक्य थेट माझ्या दुखण्यावर पडलं. त्यांचे आजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात होते, हेही त्यांनी ओघात सांगितलं. सासूबाईंनी लगेच विचारलं, कुठल्या पोळातले, म्हणजे कुठल्या आळीतले? पोळ निघाली, एक लांबची मावशीही निघाली. बडोद्यात अस्खलित मराठी बोलणारा माणूस भेटला की आपली अर्धी चौकशी तिथेच संपते. जीएसटी नंबर मी विचारलाच नाही; मावशी निघाली तिथेच मला तो मिळाल्यासारखं झालं होतं.

आधी १८,००० ‘एडिटिंग’चे, नंतर २४,५०० ‘प्रोसेसिंग’चे. दोन्ही यूपीआयने, एका व्यक्तीच्या खात्यावर, आणि ती व्यक्ती म्हणजे तेही नव्हते. आता लिहिताना हे एकाखाली एक दिसतंय. तेव्हा मध्ये तीन आठवडे, दोन प्रॅक्टिकल परीक्षा आणि मुलाचा डेंग्यू होता.

भाषा तपासून घेण्यात गैर काही नाही, हेही सांगून टाकते. चांगले एडिटर आहेत, पैसे घेतात, पेपरच्या शेवटी त्यांचे आभार मानता येतात. पण ‘छापून आणतो’ असं त्यांतला एकही म्हणत नाही. छापायचं की नाही हे त्याच्या हातात नसतंच.

आणि मी तपासलं नाही असंही नाही. उलट तपासलं म्हणूनच फसले. त्यांनी पाठवलेलं जर्नलचं नाव मी स्कोपसमध्ये घातलं. सापडलं. युरोपातल्या एका वैद्यकीय संस्थेचं जुनं जर्नल. आयएसएसएनचे, म्हणजे जर्नलच्या ओळख क्रमांकाचे, आठही आकडे जुळले. नवऱ्याला म्हटलं, बघ, उगीच संशय घेत होतास. जर्नल खरं होतं. खोटी होती ती वेबसाइट. खऱ्या जर्नलचं नाव, आकडे, मुखपृष्ठ, संपादक मंडळाचे फोटो उचलून कुणीतरी दुसऱ्याच पत्त्यावर दुकान थाटलं होतं. याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात, आणि मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणारे ‘रिट्रॅक्शन वॉच’वाले २०२२ पासून अशा जर्नलांची यादी ठेवतात, हे मला मागाहून कळलं. मी घराचा नंबर पाहिला, गल्ली पाहिली नाही. त्यांनी पाठवलेल्या लिंकवरूनच आत गेले आणि तिथूनच बाहेर आले. मागचे अंक उघडले असते तरी पुरे होतं: पॅथॉलॉजीच्या जर्नलात तुरीच्या पिकावर एक, बी.एड.च्या विद्यार्थ्यांवर दोन आणि सिमेंटवर एक पेपर होता.

खरा घाव मात्र एका फॉर्मचा बसला. पेपर पाठवायच्या आधीच त्यांनी कॉपीराइट ट्रान्सफरचा फॉर्म पाठवला. “फॉर्मॅलिटी आहे ताई, पोर्टल अडतं त्याशिवाय.” मी, रेसिडेंट आणि आमचे सर, तिघांच्या सह्या हव्या होत्या. नाइट ड्यूटीवरून घरी निघालेल्या रेसिडेंटला मी लिफ्टपाशी गाठलं आणि भिंतीवर कागद टेकवून तिची सही घेतली. तिने तो वाचलाही नाही, म्हणजे मीच तिला वाचू दिला नाही.

चौथ्या दिवशी पेपर ॲक्सेप्ट. दोन रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, होते. एकाने लिहिलं होतं ‘गुड स्टडी’, दुसऱ्याने ‘स्पेलिंग तपासावे’. खऱ्या जर्नलात रिव्ह्यूअर मिळायलाच महिना जातो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मी डिपार्टमेंटमध्ये लीलो चेवडा वाटला.

छापून आल्यावर सगळ्यात आधी वाचलं ते रेसिडेंटने. माझ्या खोलीत आली आणि फोन पुढे धरून म्हणाली, “मॅडम, आ काइंड-हार्टेड एटले शुं?” हे काइंड-हार्टेड म्हणजे काय?

झालं होतं असं. थीसिस आधीच विद्यापीठात जमा, त्यामुळे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा वर जात होता. ‘आठ टक्क्यांच्या आत आणून देतो’ असा त्या गृहस्थांचा शब्द होता, आणि तो त्यांनी पाळला. शब्दाला शब्द बदलणाऱ्या यंत्रातून अख्खा पेपर काढला. अशा शब्दांना ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’ असं नाव आहे; गियोम काबानाक या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २०२१ मध्ये ते दिलं. ‘बुझम पेरिल’ त्यांच्या नमुन्यांतलंच. म्हणजे माझी फजिती स्वतंत्रसुद्धा नव्हती.

मग लेखकांची नावं पाहिली. आम्ही तिघं होतो, छापून आले पाच. रेसिडेंटनंतर दोन नावं, आम्ही कधी न ऐकलेली, भलत्याच राज्यांतल्या कॉलेजांची. मी चौथी, आमचे सर पाचवे. कॉरस्पॉन्डिंग ऑथरच्या जागी माझा ईमेल काढून दुसराच घातलेला. त्या दोघांनी आपल्या जागा बहुधा माझ्याहून जास्त पैसे देऊन घेतल्या असणार. थोडक्यात, जर्नल खरं असतं तरी हा पेपर माझ्या प्रमोशनच्या कामाचा नव्हता. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आयसीएमजेईच्या चार अटी मी तुलाच शिकवल्या होत्या ना?” म्हणजे लेखक कुणाला म्हणावं याच्या, वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने घातलेल्या अटी: काम केलेलं असावं, लिहिण्यात वा सुधारण्यात हात असावा, शेवटच्या मसुद्याला संमती असावी, उद्या प्रश्न आला तर उत्तर देण्याची तयारी असावी. चारी पाठ आहेत मला. परीक्षेत विचारतेसुद्धा.

त्या गृहस्थांना फोन केला तर ते म्हणाले, “ताई, छापलं ना? मग?” मागे घ्या म्हटलं, तर वेबसाइटवरून ईमेल आला, माघारीची फी ३०० डॉलर. ती मी भरली नाही, तेवढं एक शहाणपण. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचा फोन लागला नाही. दिरांनी त्या लांबच्या मावशीला विचारलं. मावशी म्हणाल्या, मी त्याला गणपतीतच पहिल्यांदा पाहिलं.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. तक्रार घेणाऱ्या भाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण बेन, छपायुं तो खरुं ने?” छापून तर आलं ना! त्यांचा काय दोष. हैदराबादच्या एका प्रकाशक कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये असल्याच प्रकारांसाठी पाच कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितलं होतं, तेही अमेरिकी सरकारी यंत्रणेने काही वर्षं मागे लागून. माझे ४२,५०० कुठल्या कोर्टात बसतात?

पैशाचं दुःख एव्हाना संपलंय. पेपर अडकला, ते संपत नाही. एकदा छापलेलं दुसरीकडे पाठवलं तर ते डुप्लिकेट पब्लिकेशन, आणि वर कॉपीराइट सही करून दिलेला. त्या खऱ्या जर्नलच्या संपादकांना मी त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून पत्ता काढून ईमेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं: तुमचा पेपर आमच्याकडे कधी आलाच नाही, ती साइट आमची नाही, आणि आम्ही लेखकांकडून पैसे घेत नाही. हा ईमेल मी आधी केला असता तर फुकटात सुटले असते. म्हणून कुणी लिंक पाठवली तर ती बाजूला ठेवा आणि संपादकाला त्याच्या संस्थेच्या पत्त्यावर विचारा. पबमेडच्या नावाने कुणी भुलवत असेल तर एनएलएम, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या, कॅटलॉगमध्ये जर्नल उघडून ‘करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन’ लिहिलंय का पाहा. पबमेडमध्ये दिसणं आणि मेडलाइनमध्ये असणं एक नव्हे. आणि स्वीकारायच्या आधी कॉपीराइट मागितला तर पेन खिशात ठेवा.

संपादकांचं ते उत्तर, यूपीआयच्या पावत्या आणि सगळा पत्रव्यवहार जोडून, काय झालं ते कव्हर लेटरमध्ये जसंच्या तसं लिहून, मूळ मसुदा मी पुन्हा पाठवला. दोन जर्नलांनी नको म्हटलं. तिसरं एका संघटनेचं, फी न घेणारं. त्यांनी रिव्ह्यूला घेतला. या वेळी स्टार्ड जोडली होती. साडेतीन महिन्यांनी ३१ शेरे आले. पहिलाच असा: अपुऱ्या स्मिअरच्या, म्हणजे स्लाइडवर पुरेशा पेशी न आलेल्या, केसेस हिशोबातून का वगळल्या, आणि त्या किती होत्या?

नऊ होत्या. रेसिडेंट आता सीनिअर झाली आहे. आज दुपारी तिने त्या नऊ स्लाइड कपाटातून काढल्या आणि माझ्या मायक्रोस्कोपशेजारी आणून ठेवल्या. त्यांतल्या दोन स्लाइडवरचं लेबल पुसट झालंय, रजिस्टरशी ताडून बघायचंय.