काजू कारखान्यातलं आरोग्य: शिबिर, विमा की तेलाचा डबा?

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात वीस-पंचवीस बायांचा काजू कारखाना चालवत असाल, तर हंगामात कुणीतरी आरोग्याचं पॅकेज घेऊन येतोच. शिबिरात रक्त-लघवी तपासणी, ईसीजी, वर गटविमा. खिशात पैसे एकाच गोष्टीपुरते असले तर ते कुठे घालावेत, एवढंच इथे बघतोय.

आधी एक गैरसमज. मजुरी किलोवर असते, मग बाई आली नाही तर आपलं काय गेलं, असं बऱ्याच मालकांना वाटतं. जातं ते गरात. वाफवलेली बी पडून राहते, आणि तिच्या जागी बसवलेल्या नवख्या हातात अख्ख्या गराची पाकळी होते, पाकळीचा तुकडा. ३२० नंबरचा अख्खा गर, म्हणजे पौंडात ३०० ते ३२० बसणारा, आणि तुकडा यांच्या भावात किती अंतर आहे ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक.

शिबिरवाला सांगतो, एक रुपया घाला, तीन परत येतील. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत २०१० साली बेकर, कटलर आणि साँग या संशोधकांनी जुन्या अभ्यासांवरून मांडलं होतं की कर्मचाऱ्यांच्या आरोग्य कार्यक्रमावर घातलेल्या एका डॉलरमागे उपचारखर्चात सुमारे सव्वातीन डॉलर वाचतात. पण त्यातल्याच कॅथरिन बेकर आणि झिरुई साँग यांनी २०१९ मध्ये सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांच्या एका दुकानसाखळीतला प्रयोग प्रसिद्ध केला. कुठल्या शाखेत कार्यक्रम राबवायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. दीड वर्षाने लोक व्यायाम जास्त करतो म्हणत होते. रजा आणि उपचारखर्च मात्र होते तिथेच. असल्या कार्यक्रमांत आधीच धडधाकट असलेले पुढे येतात आणि आकडे फुगतात, हे त्या जुन्या सव्वातीनच्या आकड्यामागचं एक कारण. शिबिर वाईट नाही, लपलेला बीपी आणि साखर सापडते. पण तिशीनंतरची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, त्यासाठी पॅकेज कशाला?

विम्याचं थोडक्यात. गटविमा मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतो. काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजलेल्या हाताला कोण भरती करतं? ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दहा हजार मजुरीवर हप्त्याचे तुमचे ३२५ रुपये, बाईचे ७५. आणि योजना लागू असलेल्या भागात दहा कामगार झाले की हा प्रश्न निवडीचा राहतच नाही. मेख एकच: सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला हवा. लावणीला महिनाभर जाणाऱ्या बायांचे दिवस वेळेवर मोजून ठेवा.

आता तेलाचा डबा, आणि माझं मत इथेच झुकतं. काजू बिब्याच्या कुळातला. टरफलातलं तेल लागलं की बिबा उततो तसा हात उततो. ‘हात भाजले, चार दिस येवक जमाचा नाय,’ हे वाक्य प्रत्येक मालकाने ऐकलेलं असतं. हातमोजे द्या म्हणतात. देऊन बघा, दुसऱ्या दिवशी खिळ्याला लटकलेले दिसतील, कारण त्यात बी नीट धरता येत नाही आणि किलो कमी भरतो. त्यापेक्षा बी फोडायच्या टेबलाशी एरंडेलाचा डबा, तासा-दीड तासाने हात पुसून पुन्हा लावायची सवय, दाराशीच नळ आणि साबण. सोलणीला जमिनीवर बसणाऱ्यांना बाक-टेबल. हा सगळा खर्च एका ईसीजी पॅकेजच्या आत बसावा. परिणाम बघायला प्रयोगशाळा नको, रोजच्या वजनाच्या वहीत तुकड्याचा रकाना वेगळा ठेवा.

दोडामार्गाकडे स्वतःची बाग असेल तर गोष्ट थोडी वेगळी. २०१६ मध्ये तिथे गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप पसरला तो ऐन काजूच्या दिवसांत. बी वेचणाऱ्यांना गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं औषध आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आधी, बाकी सगळं मागाहून.

तरीही शिबिर घ्यायचंच असेल, तर बाजाराचा दिवस आणि गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. आणि त्या दोन तासांची मजुरी द्या, नाहीतर बाया रांगेत उभ्या राहतील, पण डोळा टेबलावर राहिलेल्या बीवर.